नुसत्या संशयावरून

"दादा, तू जरा बाहेर बस," हे वाक्य वकीलबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात दादानं खुर्ची ओढली, लेकीच्या शेजारी बूड टेकवलं आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसायला सुरुवात केली. वाक्य ओठावरच राहिलं. सख्ख्या भावाला बाहेर कसं घालवायचं? तेही त्याच्याच पोरीची केस असताना? घरचीच तर माणसं, असं म्हणून बाईंनी फाईल उघडली.

एरवी बाईंचा हा नियम म्हणजे दगडावरची रेघ होता. पोरगं आत, आईबाप बाहेर. वकिलीच्या धंद्यात कुणी जमिनीच्या भांडणांवर जगतं, कुणी घटस्फोटांवर. बाईंकडे यायची ती पोरं. एकवीस पुरी व्हायच्या आत दारूच्या बाटलीसकट पकडली गेलेली. कुणाच्या वाढदिवसाची, कुणाच्या परीक्षा संपल्याची, कुणाची नुसतीच. कोर्टात बाईंना 'बाटलीबाई' म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. एकदा एका ज्येष्ठ वकिलाच्या तोंडून ते नेमकं त्यांच्या समोरच निसटलं, तेव्हा बाई हसून म्हणाल्या होत्या, "बाटलीबाई तर बाटलीबाई! रिकामी तर नाही ना?" त्यानंतर महिनाभर तो वकील त्यांना जिन्यावर वाट करून द्यायचा.

पोर पकडलं गेलं की आईबाप आधी रडतात, मग पोराला बडवतात, मग वकील शोधतात, आणि वकिलासमोर बसले की पोराच्या आधी स्वतःच बोलायला लागतात. आमचा तसला नाही हो, संगत वाईट, शेजारचा तो अमका. आणि पोर आपलं मान खाली घालून गप्प. म्हणून बाई आईबापांना खालच्या चष्म्याच्या दुकानात पाठवायच्या. दुकानदार त्यांना बसायला स्टूल द्यायचा आणि वेळ जावा म्हणून फुकट डोळे तपासून द्यायचा. बाईंमुळे निम्म्या गावाला चष्मा लागला, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

तर असा नियम. आणि तो त्या दिवशी मोडला.

"बोल झिपरे," बाई भाचीला म्हणाल्या. "पहिल्यापासून. माझ्यापासून काही लपवायचं नाही. मीही तुझ्यापासून काही लपवणार नाही. हा आपला सौदा."

झिपरीचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण लहानपणी ती केसांना कुणाला हात लावू द्यायची नाही, सदा झिंज्या डोळ्यांवर, म्हणून झिपरी. आता एकोणीस वर्षांची झाली होती तरी नाव काही सुटलं नव्हतं. आई गेल्यापासून घर तीच सांभाळायची आणि उरल्या वेळात बापाच्या फ्रिज दुरुस्तीच्या गाळ्यात बसून मोटारी उघडायची. हात काळे, नखं तुटलेली, पण बिघडलेल्या यंत्राला नुसता कान लावून त्याचं दुखणं सांगायची. बंदराच्या गावी जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण देणारी सरकारी शाळा होती. तिथं हजारो मुलांतून तिला जागा मिळाली होती. पत्र आलं त्या दिवशी दादानंच बाईंना फोन करून सांगितलं होतं.

"आम्ही पाच जणी तलावाच्या बांधावर बसलो होतो," झिपरी सांगू लागली. "मला जागा मिळाली म्हणून. बाटली एका मैत्रिणीनं आणली होती, तिच्या थोरल्या भावानं दिली. माझी पिशवी मोठी, म्हणून माझ्या पिशवीत ठेवली. अजून उघडलीही नव्हती गं आत्या. हवालदार आले, सरळ माझ्याकडे आले, म्हणाले पिशवी उघड."

"सरळ तुझ्याकडे?"

"हो. बाकीच्यांच्या पिशव्यांना हातसुद्धा लावला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही जाणार हे कुणाला माहीत होतं? घरी कुणाला?"

झिपरीनं तोंड उघडलं. पण उत्तर दादानं दिलं.

"घरी कुणाला माहीत असणार? मी तर पोलीस चौकीतनं फोन आल्यावर हादरलोच. पायाखालची जमीनच सरकली माझ्या."

झिपरीनं बापाकडे बघितलं. क्षणभरच. मग खाली बघून म्हणाली, "नाही. घरी नव्हतं माहीत."

हे बघणं बाईंनी पाहिलं होतं. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर तिथंच त्यांनी बापाला चष्म्याच्या दुकानात धाडलं असतं. पण हा दादा होता. आईवडील गेले तेव्हा शाळा सोडून ज्यानं दुसऱ्याच्या गाळ्यात झाडू मारला आणि धाकट्या बहिणीला वकील केलं तो दादा. बाईंच्या अंगावरच्या काळ्या डगल्याचा पहिला धागा त्यानं कमावलेला होता. त्याच्यावर शंका घ्यायची म्हणजे आपण खातो त्या ताटात थुंकायचं.

"मी काय म्हणतो," दादा खाकरून म्हणाला, "कबूल करून टाकू ना. दंड भरू, विषय संपला. कशाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या? चार लोकांत शोभा."

"दादा, कबुली म्हणजे नोंद. आणि नोंद म्हणजे शाळा गेली. त्यांच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय, एकही गुन्हा नको."

"शाळाबिळा बघू गं पुढच्या वर्षी. आधी पोरीच्या मागचं लचांड तर सुटू दे."

घाबरलेले बाप असंच बोलतात. बाईंनी शंभरदा ऐकलं होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू काळजी सोड. ही माझ्यावर टाक. पोरीला मी निष्कलंक सोडवते की नाही बघ."

दादानं मान हलवली. त्याला आनंद झाला नव्हता, पण तेही बाईंनी काळजीच्या खात्यात जमा केलं. माणूस आपल्या माणसाच्या बाबतीत किती आंधळा होऊ शकतो याला काही मोजमाप नाही.

बचाव सरळ होता. ठोस कारण असल्याशिवाय पोलिसाला कुणाची पिशवी उघडता येत नाही. पाच मुली, पाच पिशव्या, आणि उघडली एकच. का? या 'का'चं उत्तर हवालदाराकडे नसेल तर झडती बेकायदा, आणि झडती बेकायदा तर बाटलीही पुराव्यातून गेली. सुनावणीच्या दिवशी बाई डगला चढवून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना भीती होती ती फक्त या हवालदाराची. पुरा मुरलेला माणूस. साक्षीला उभा राहिला की वकिलांना बोटावर नाचवायचा. मागे एका केसमध्ये, 'तुम्हाला वास कसा आला?' असं बाईंनी विचारलं तेव्हा 'नाकानं' म्हणून सगळ्या कोर्टाला हसवून गेला होता.

"पिशव्या किती होत्या?" बाईंनी विचारलं.

"पाच."

"उघडल्या किती?"

"एक."

"हीच का?"

"संशय आला."

"कशावरून?"

हवालदारानं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"मुलगी पळाली? अडखळली? पिशवी लपवली?"

"नाही."

"मग संशय कशावरून आला?"

"उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

हवालदारानं मागच्या बाकांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही, साहेब."

सरकारी वकील कागदांत डोकं खुपसून बसला होता. फाईल त्यानं सकाळीच पहिल्यांदा हातात घेतली होती हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. त्यानं उलट काहीच विचारलं नाही. न्यायाधीशांनी काहीतरी टिपून घेतलं आणि निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर देतो म्हणून उठले. झिपरीनं बाईंचा हात घट्ट दाबला. "आत्या, जिंकलो ना? जिंकलो ना गं?"

"थांब, अजून लगीनघाई नको," बाई म्हणाल्या, पण आतून त्यांनाही गुदगुल्या होत होत्या.

बाहेर व्हरांड्यात नळावर हवालदार तोंड धूत होता. बाई मुद्दाम तिकडून गेल्या. विजयात माणसाला जरा चिडवायची हुक्की येतेच.

"काय हवालदार, आज नाक कुठं ठेवून आलात?"

तो हसला नाही. तोंड पुसलं, आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. म्हणून सांगतो. आज तुम्ही जिंकला नाहीत. मी हरलो. मुद्दाम."

"म्हणजे?"

"फोन आला होता. कुठल्या बांधावर, किती वाजता, निळी पिशवी, आतल्या कप्प्यात बाटली. सगळं. फोन करणाऱ्यानं नावही सांगितलं आणि ते कुणाला सांगू नका म्हणून हात जोडले. मी शब्द दिला. त्यानं सांगितलं तसं मी आत्ता आत सांगितलं असतं, तर झडती कायदेशीर ठरली असती. एका मिनिटात."

"कुणी केला फोन?" बाईंनी विचारलं. पण विचारता विचारताच त्यांना हवालदाराची ती मागे गेलेली नजर आठवली. मागच्या बाकांवर आज एकच माणूस बसला होता.

"तुमच्या भावाला विचारा," हवालदार म्हणाला. "मीही बाप आहे, बाई. तो फोनवर रडत होता हो. पोरगी बिघडत चाललीय, एकदा दम द्या म्हणाला. मला वाटलं, चार शब्द सुनावू आणि सोडू. पण नेमके त्या दिवशी गाडीत साहेब होते. साहेबांनी गुन्हा नोंदवायला लावला. त्या दिवसापासून मला काही हे बरं वाटत नाही. पोरगी बिघडलेली दिसत नाही ती."

हवालदारानं टोपी घातली आणि निघून गेला. बाईंना वाटलं, कानफटात बसली असती तर बरं झालं असतं, निदान कुठं लागलंय ते तरी कळलं असतं. बिघडत चाललीय? झिपरी? जी पोरगी दुकानदारानं चुकून जास्त खिळे दिले तर परत करायला उन्हातान्हात जायची, ती? त्यांना दादाचा तो रुमाल आठवला, ते कपाळ पुसणं, ते 'कबूल करून टाकू'. एकेक गोष्ट नीट जागेवर बसत गेली आणि प्रत्येक गोष्टीबरोबर बाई आतून थंड होत गेल्या.

तेवढ्यात शिपायानं पुकारा केला. विचारायला वेळच उरला नाही.

निकाल दोन ओळींचा होता. नुसत्या संशयावरून घेतलेली झडती ग्राह्य धरता येत नाही. मुलीला निर्दोष सोडण्यात येत आहे. झिपरी किंचाळली नाही, उड्या मारल्या नाहीत. ती उठली, बाक ओलांडून मागे धावत गेली आणि बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, सुटले! बाबा, सुटले रे मी!" दादाचे हात तिच्या पाठीवर होते. त्याचे डोळे भरून आले होते. आणि चार पावलांवर काळा डगला घालून बाई हे बघत उभ्या होत्या.

कोर्टाच्या आवारात सायकलींसाठी पत्र्याची शेड होती. झिपरी फाटकापाशी मैत्रिणींना सांगायला पळाली तेव्हा बाईंनी दादाला त्या शेडमध्ये नेलं.

"फोन तू केलास?"

दादानं 'कुठला फोन' असं विचारलं नाही. एवढं एक त्यानं बरं केलं. त्यानं एका सायकलच्या सीटवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाला, "हवालदार बोलला तर."

"दादा!"

"ओरडू नकोस. ऐक. मला वाटलं, दम देतील, शाळेला कळवतील, जागा जाईल. एवढंच. गुन्हाबिन्हा माझ्या डोक्यातही नव्हता."

"एवढंच? जागा जाईल, एवढंच? हजारोंतून मिळवली तिनं ती! स्पॅनर तिच्या हातात कुणी दिला? तूच ना? स्वतःच्या लेकीचा केसानं गळा कापलास तू!"

"ती गेली की परत येणार नाही," दादा म्हणाला. "जहाजावर जाणारी माणसं परत येतात का? आज या बंदरात, उद्या त्या. मी त्या घरात एकटा काय करू? भिंतींशी बोलू? एकदा पाठवून बघितलंय मी. तूही गेलीस."

"मी? मी कुठं गेले? चार गल्ल्या पलीकडे राहते मी!"

"हो. चार गल्ल्या पलीकडे. पण गेलीस," दादा म्हणाला. "रविवारी येतेस, घड्याळ बघत बसतेस, उठून जातेस. मी काही म्हटलं कधी? नाही म्हटलं. शिकली, मोठी झाली, कामं असतात. पण दुसऱ्यांदा मला नाही जमत गं. खरंच नाही जमत."

बाईंना रागही येत होता आणि काळीजही तुटत होतं, आणि या दोन्हींत कुणाला आधी वाट द्यावी ते कळत नव्हतं. या माणसानं आपल्याला माणूस केलं. या माणसानं आपल्यालाही फसवलं. आपल्याच खुर्चीसमोर बसून, आपल्याच तोंडावर, पायाखालची जमीन सरकली म्हणाला. आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्या पोरांच्या बापांना बाहेर बसवणारी बाटलीबाई, आणि नेमकं घरच्या माणसानं तिला तोंडघशी पाडलं.

झिपरी परत आली ती डोळे पुसत. तिनं बापाच्या दंडाला धरलं.

"आत्या, बाबा, मी ठरवलंय. आत्ता मैत्रिणींनाही सांगून आले. मी नाही जात."

"कुठं नाही जात?" बाईंनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"शाळेत. एवढे दिवस बाबांकडे बघवत नव्हतं गं मला. रात्र रात्र जागायचे. माझ्यामुळे चौकीत जाऊन उभं राहावं लागलं त्यांना, लोकांचं ऐकून घ्यावं लागलं. यांना असं टाकून मी कुठं जाऊ? इथंच गाळ्यात काम करीन. मोटारी काय, इथल्याही तशाच."

बाईंनी दादाकडे बघितलं. आता बोलेल, त्यांना वाटलं. आता म्हणेल, वेडी का काय, जा तू. एवढं एक वाक्य बोलला असता तर बाईंनी तो फोन पोटात घालून आयुष्यभर सांभाळला असता. हवालदारानं कोर्टात तरी शब्द पाळला, त्यांनीही पाळला असता. त्यांनी वाट बघितली. दादा जमिनीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल पडला, खांदे खाली आले. तो सुटला होता. आणि तो गप्प होता.

"दादा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "तू सांगतोस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?" झिपरी म्हणाली.

"जाऊ दे ना आता," दादा पुटपुटला. "सगळं नीट झालंय. कशाला..."

"तू सांगतोस की मी सांगू?"

दादानं सांगितलं. एका दमात, सायकलच्या सीटकडे बघत. फोन मी केला. पिशवीचा रंग मी सांगितला. मला वाटलं, दम देऊन सोडतील. तू जाऊ नयेस म्हणून. बस्स. त्यानंतर तो लेकीकडे बघायला लागला, आता ही ओरडेल, रडेल आणि मग सगळं शांत होईल अशा आशेनं.

झिपरी ओरडली नाही. तिनं बापाच्या दंडावरचा हात काढून घेतला, एवढंच.

"पण मी तर तुला सांगून गेले होते," ती म्हणाली. "बाटली आहे हे पण सांगितलं. माझ्याच पिशवीत राहील हे पण. तू म्हणालास, जा, मजा कर, जपून राहा. तूच म्हणालास ना?"

दादा सायकलच्या सीटवरची धूळ बोटानं पुसत राहिला.

"आणि आत्याच्या ऑफिसात तू म्हणालास, घरी कुणाला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुला लाज वाटतेय. बापानंच पोरीला पाठवलं असं लोक म्हणतील म्हणून तू तसं म्हणालास. म्हणून मी पण हो म्हटलं. तुला वाचवायला आत्याशी खोटं बोलले मी. पहिल्यांदा." ती थांबली. "तुला वाचवायला, बाबा."

"झिपरे, बाळा..." दादानं हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरकली आणि आत्याकडे वळली. बाईंनी तिला जवळ घ्यायला हात पसरलेच होते.

"तुला कधी कळलं?"

"आज दुपारी. हवालदारानं सांगितलं."

"निकालाच्या आधी की नंतर?"

आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या बाईंना या साध्या प्रश्नापुढे घाम फुटला. खोटं बोलता आलं असतं. नंतर म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"आधी."

"म्हणजे मी यांच्या गळ्यात पडले, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू बघत उभी राहिलीस."

बाईंजवळ पुष्कळ उत्तरं होती. पुकारा झाला होता, वेळ नव्हता, निकाल बिघडला असता, तुझ्या भल्यासाठीच. सगळी खरी होती. पण त्यांतलं एकही तोंडाबाहेर काढायची त्यांना लाज वाटली, कारण हीच उत्तरं आईबाप देतात, आणि बाई त्यांना खाली पाठवत आल्या होत्या. त्यांनी पसरलेले हात खाली घेतले.

"मी जाणार," झिपरी म्हणाली. "शाळेत. जाणार आहे मी." आणि ती एकटीच फाटकाकडे चालू लागली.

पुढचे चार दिवस ती घरात होती आणि नव्हती. दादा रोज बाईंना फोन करून सांगायचा. स्वयंपाक करते, वाढते, स्वतःचं ताट घेऊन गच्चीवर जाते. कपडे धुते, माझेही धुते. विचारलं त्याला उत्तर देते. भांडत नाही गं, एकदा भांडली तर बरं होईल. बाईंचा दादावरचा राग उतरलेला नव्हता, पण त्याचा फोन न उचलणं त्यांना जमत नव्हतं. स्वतःवरच्या रागाचं काय करायचं हे तर अजिबातच कळत नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी झिपरी स्वतः बाईंच्या ऑफिसात आली. बाई धडपडून उठल्या. ती बसली नाही, पण हसली. थोडंसं, पण हसली.

"मी आज मैत्रिणीकडे झोपणार आहे. उद्या परस्पर स्टँडवर जाईन. दुपारची गाडी आहे. तू येशील ना? बाबांनाही सांगितलंय, ते येणारेत."

"येईन म्हणजे? येणारच!" बाई टेबलाला वळसा घालून पुढे आल्या. "झिपरे, मी..."

"उद्या बोलू आत्या," ती म्हणाली आणि धडाधड जिना उतरून गेली.

त्या रात्री बाईंना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुपारची कामं पुढे ढकलली आणि स्टँडवर गेल्या. दादा आधीच येऊन उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. हातात कापडात गुंडाळलेला त्याचा स्वतःचा स्पॅनरचा संच होता, तेलपाणी करून लखलखीत केलेला. "तिकडची हत्यारं कशी असतील कुणास ठाऊक," तो म्हणाला. "हा हातात बसलेला आहे तिच्या." बाईंनी मान हलवली. दोघांत त्या दिवसापासून समोरासमोर झालेलं हे पहिलं बोलणं.

गाड्या येत होत्या, जात होत्या. दादा प्रत्येक गाडीच्या पाटीकडे मान उंच करून बघायचा. झिपरी कुठं दिसेना. ऊन फलाटाच्या कडेपर्यंत आलं तेव्हा बाई चौकशीच्या खिडकीशी गेल्या.

"बंदराची गाडी अजून लागली नाही का?"

आतल्या माणसानं चहाचा कप खाली ठेवला. "बंदराची? ती गेली की पहाटेच."

"ती नव्हे हो. दुपारची."

"दुपारची गाडी नाहीच, बाई. कधीच नव्हती. दिवसाला एकच, पहाटेची."

दादा मागे येऊन उभा राहिला होता. "पण तिनं दुपारची सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला सांगितलं, हिलाही सांगितलं. दोघांना सांगितलं."

"चुकून सांगितलं असेल, काका," खिडकीतला माणूस म्हणाला. "पोरांचं काय, तारखासुद्धा विसरतात."

"हां, चुकलंच असेल," दादा म्हणाला आणि बहिणीकडे बघायला लागला. "चुकलंच असेल ना गं?"

बाईंना ती जिन्यावरची पावलं आठवली, ते थोडंसं हसू. पोरगी खोटं बोलली होती. आणि इतकं सफाईनं बोलली होती की वीस वर्षं पोरांचं खोटं ओळखत आलेल्या बाईंना शंकासुद्धा आली नव्हती. कुणाकडून शिकली, हे विचारायची गरज नव्हती.

"नाही दादा," त्या म्हणाल्या. "चुकलं नाही तिचं."

दादानं ऐकलं. तरी तो घरी जायला वळला नाही. फलाटावरच्या बाकावर जाऊन बसला, स्पॅनरचा संच मांडीवर घेऊन, गाडी यायची त्या दिशेला तोंड करून. थोड्या वेळानं बाईही जाऊन बसल्या. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा सुटली होती, आणि सरकून ती भरायचं दोघांनाही सुचलं नाही.